गणकयंत्राचे आद्य कल्पक चार्लस बॅबेज

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयाचीं तीं केवळ त्यांच्या यशाचें कौतुक करण्यासाठीं नव्हेत. कित्येक थोर पुरुष असे होऊन गेले कीं, ज्या कार्यास त्यांनीं आपलें आयुष्य वाहिलें तें कार्य त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. अशांच्या चरित्रांतून मिळणारा बोध यशस्वी पुरुषांच्या चरित्रांतील बोधाहून निराळा असतो, आणि आमच्या मतें विद्यार्थ्यांस तोच अधिक उपयोगाचा असतो. ज्या यंत्रावर आज आमचे विद्यार्थी निबंध लिहितात व परीक्षेचे निकाल पाहतात, त्या संगणकाची मूळ कल्पना ज्यांच्या डोक्यांत प्रथम पूर्णपणें आली ते चार्लस बॅबेज हे अशांपैकींच एक होत. त्यांचें चरित्र यंदा आम्ही आमच्या वाचकांस सादर करीत आहों.

बॅबेज ह्यांचा जन्म ता. २६ डिसेंबर १७९१ रोजीं लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील बेंजामिन बॅबेज हे मूळचे डेव्हन प्रांतांतले असून पेढीचा धंदा करीत. घरीं पैशाची चणचण नव्हती. परंतु चार्लसची प्रकृति लहानपणीं फार नाजूक होती. एकदां तापाचें मोठें दुखणें आल्यावर त्याला एक्झेटर शहराजवळच्या एका खेड्यांत एका धर्मोपदेशकाच्या शाळेंत ठेवण्यांत आलें, व ह्या मुलाच्या डोक्याला फार ताण देऊं नये अशी सूचना मास्तरांस देण्यांत आली. पण विश्रांति घेणारें तें डोकेंच नव्हतें. नवें खेळणें हातीं आलें कीं ह्याच्या आंत काय आहे असा प्रश्न तो आईला विचारी, आणि उत्तरानें समाधान झालें नाहीं तर तें खेळणें फोडून आंत पाही. आईनें त्याला यांत्रिक वस्तूंचें एक प्रदर्शन दाखविण्यास नेलें असतां मर्लिन नांवाच्या कारागिरानें मुलाची जिज्ञासा पाहून त्याला माडीवरच्या आपल्या कारखान्यांत नेलें, आणि सुमारें फूटभर उंचीची नाचणारी एक रुपेरी बाहुली दाखविली. ती बाहुली बॅबेज कधींच विसरले नाहींत. पुढें पुष्कळ वर्षांनीं ती लिलांवांत विकावयास आली तेव्हां त्यांनीं ती विकत घेऊन स्वतःच्या हातानें दुरुस्त केली व आपल्या दिवाणखान्यांत मांडली.

त्यानंतर एन्फील्ड येथील शाळेंत असतां चार्लसला बीजगणिताची गोडी लागली. एका सोबत्यासह तो पहांटे तीन वाजतां उठे, शाळेच्या खोलींत शेगडी पेटवी, व पांच-साडेपांच वाजेपर्यंत अभ्यास करी. सन १८१० मध्यें तो केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला. तेथील गुरुजनांस आपल्या शंकांचीं उत्तरें देतां येत नाहींत हें पाहून त्याला मोठें नवल वाटलें. न्यूटनच्या देशांतील गणित न्यूटनच्या काळाजवळच थांबलें होतें, व फ्रान्स आदिकरून देश पुढें गेले होते. तेव्हां जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक ह्या मित्रांसह सन १८१२ मध्यें त्यानें एक मंडळी स्थापिली, आणि ह्या तरुणांच्या खटपटीनें युरोपांतील नवी गणितपद्धति इंग्लंडांत हळूहळू रूढ झाली.

सन १८१४ मध्यें बॅबेज ह्यांची पदवी पदरांत पडली व त्याच वर्षीं जॉर्जियाना व्हिटमोर ह्या युवतीशीं त्यांचा विवाह झाला. हा विवाह वडिलांस पसंत नव्हता. संसार मांडल्यावर नोकरी पाहणें भाग होतें. हिंदुस्थानांत पाठवावयाच्या मुलकी अधिकाऱ्यांस शिकविण्यासाठीं ईस्ट इंडिया कंपनीनें हेलीबरी येथें कॉलेज काढलें होतें, त्यांतील गणिताच्या जागेसाठीं त्यांनीं सन १८१६ मध्यें अर्ज केला. परंतु ती जागा दुसऱ्यास मिळाली. त्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें मात्र त्यांस आपलें सभासद करून घेतलें.

आतां ज्या कार्यानें त्यांचें आयुष्य व्यापून टाकलें त्याकडे वळूं. त्या काळीं मोठे गुणाकार-भागाकार बिनचूक करून देणारीं यंत्रें सर्रास वापरांत नव्हतीं. खगोलवेत्ते, जमीन मोजणारे, विमा उतरणारे व नावाडी हे सर्व छापील कोष्टकांवर अवलंबून असत. भर समुद्रांत आपलें गलबत कोठें आहे हें कप्तानास ताऱ्यांच्या व चंद्राच्या वेधांवरून काढावें लागे, व त्यासाठीं कोष्टकांचें पुस्तक उघडावें लागे. त्या कोष्टकांत एक आंकडा चुकला असला तर गलबत खडकावर जाण्याचें भय असे. आणि चुका तर पुष्कळ असत. गणना करणाराची चूक, नक्कल करणाराची चूक, खिळे जुळविणाराची चूक आणि छापतांना खिळा निसटल्यामुळें होणारी चूक, अशा चार दारांनीं चूक आंत शिरे. डायोनिशियस लार्डनर ह्या लेखकानें सन १८३४ मध्यें सहज हातीं लागलेले कोष्टकांचे ४० ग्रंथ तपासून लिहिलें कीं, त्यांच्या प्रकाशकांनीं स्वतः कबूल केलेल्या चुकाच ३,७०० होत्या. शुद्धिपत्रांतहि अशुद्धें असत, व त्यांसाठीं शुद्धिपत्राचें शुद्धिपत्र काढावें लागे!

सन १८२१ मध्यें बॅबेज व हर्शेल हे खगोलमंडळासाठीं अशींच कांहीं कोष्टकें तपासीत बसले होते. दोन निरनिराळ्या माणसांनीं केलेल्या गणना समोर ठेवून ताडून पाहतां पाहतां चुकांमागून चुका निघूं लागल्या, तेव्हां हें काम वाफेच्या यंत्राकडून करवितां आलें तर काय बहार होईल, असा उद्गार बॅबेज ह्यांच्या तोंडून निघाला. उद्गार सर्वांच्याच तोंडून निघतात. तो मनावर घेणारा विरळा. बॅबेज ह्यांनीं तो मनावर घेतला. द प्रोनी ह्या फ्रेंच गृहस्थानें फ्रान्सांत प्रचंड कोष्टकें तयार करविलीं होतीं, त्यांची हकीकत त्यांस ठाऊक होती. त्या कामावरील बहुतेक माणसांस बेरीज-वजाबाकीपलीकडे कांहीं येत नव्हतें, आणि तरी त्यांचेंच काम अधिक बिनचूक उतरलें होतें. तेव्हां जें काम नुसत्या बेरजेनें होतें तें चाकांकडून कां होऊं नये?

ही रीति आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजण्यासारखी आहे. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. लागोपाठच्या दोहोंतील अंतरें ३, ५, ७, ९ अशीं येतात. आणि ह्या अंतरांचीं अंतरें नेहमीं २ च येतात. म्हणजे २ हा आंकडा धरून नुसती बेरीज करीत गेलें कीं गुणाकार न करतां वाटेल तितके वर्ग काढतां येतात. बॅबेज ह्यांनीं सन १८२२ मध्यें ह्या तत्त्वावर एक लहानसें यंत्र करून दाखविलें. त्याला त्यांनीं अंतरांवर चालणारें यंत्र अशा अर्थाचें नांव दिलें. खगोलमंडळानें त्यांस सुवर्णपदक दिलें, व सन १८२३ मध्यें सरकारनें मोठें यंत्र करण्यासाठीं १,५०० पौंड दिले. ह्या यंत्रानें उत्तर काढून थांबावयाचें नव्हतें. छापण्याचा ठसाहि त्यानेंच उठवावयाचा होता, म्हणजे नक्कल करणारा व खिळे जुळविणारा ह्यांच्या चुकांस वावच राहूं नये. शिवाय एखादें चाक दोन आंकड्यांच्या मध्येंच अडकलें तर यंत्र जागच्या जागीं थांबून बसे. खोटें उत्तर देण्यापेक्षां मुळींच उत्तर न देणें बरें, हा नियम त्यांनीं लोखंडांत व पितळेंत ओतला होता.

यंत्र घडविण्याचें काम जोसेफ क्लेमेंट ह्या अत्यंत कुशल कारागिराकडे सोंपविलें होतें. पुऱ्या यंत्रास सुमारें २५,००० भाग लागणार होते, व ते सर्व एकमेकांशीं हुबेहूब जुळावयाचे होते. असें काम करणारीं हत्यारें तोंपर्यंत नव्हतींच. तींहि नवीं करावीं लागलीं. त्या कारखान्यांत काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ हा पुढें मळसूत्रांचें एकच प्रमाण ठरवून देणारा म्हणून प्रसिद्धीस आला. ह्यावरून यंत्र पुरें झालें नाहीं तरी त्या पायीं झालेले श्रम अगदींच वायां गेले असें म्हणतां येत नाहीं.

सन १८२७ हें वर्ष बॅबेज ह्यांस फार क्रूर गेलें. त्या एका वर्षांत त्यांचे वडील, त्यांचा मुलगा चार्लस आणि त्यांची पत्नी हीं त्यांस सोडून गेलीं. मित्रांच्या आग्रहावरून ते युरोपांत प्रवासास निघाले. रोम शहरीं असतां, केंब्रिज येथें ज्या आसनावर एके काळीं न्यूटन बसला होता त्या गणिताच्या आसनावर आपली नेमणूक झाल्याचें त्यांनीं वर्तमानपत्रांत वाचलें. हें पद त्यांनीं सन १८२८ पासून १८३९ पर्यंत भूषविलें.

त्याच सुमारास त्यांनीं १ पासून १,०८,००० पर्यंतच्या संख्यांचीं लॉगरिथमचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, व शुद्धतेविषयीं त्यांची फार कीर्ति झाली. कोणत्या रंगाच्या कागदावर कोणत्या रंगाची शाई वापरली असतां वाचणाराच्या डोळ्यांस कमी शीण होतो, हें पाहण्यासाठीं त्यांनीं पुढें नाना रंगांचे कागद व शाया वापरून नमुने छापले. चूक शोधण्याची त्यांची एक युक्ति तर ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हॉलंडांतील फ्लाक ह्यानें सन १६२८ मध्यें छापलेल्या कोष्टकांतील ठराविक चुका घेऊन, त्या पुढच्या काळांतील निरनिराळ्या देशांच्या कोष्टकांत आढळतात कीं काय हें त्यांनीं पाहिलें. त्या पुष्कळांत आढळल्या. चीन देशांतल्या कोष्टकांतहि आढळल्या. दोन माणसें स्वतंत्रपणें गणित करतील तर दोघांच्याहि चुका एकाच जागीं येणार नाहींत. सारखी चूक जेथें जेथें दिसते तेथें तेथें मूळ एकच असतें. हा न्याय वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें तो आपल्या कामीं येणार आहे.

सन १८३२ च्या अखेरीस मोठ्या यंत्राचा सुमारें एक सप्तमांश भाग जुळून तयार झाला व तो बिनचूक चाले. परंतु पुढें पैशाच्या हिशेबावरून व कारखाना हलविण्यावरून क्लेमेंट व बॅबेज ह्यांचें बिनसलें, आणि सन १८३३ मध्यें काम थांबलें तें थांबलेंच. तोंपर्यंत सरकारचे सुमारें १७,५०० पौंड खर्ची पडले होते. त्या काळीं आगगाडीचें एक इंजिन सुमारें आठशें पौंडांस मिळे, हें लक्षांत घेतलें म्हणजे रकमेची कल्पना येईल.

दुसरा कोणी असता तर तेथेंच खचला असता. बॅबेज ह्यांच्या मनांत मात्र सन १८३४ मध्यें ह्याहून शतपट मोठी कल्पना उभी राहिली. पहिलें यंत्र एकाच जातीचें गणित करणारें होतें. आतां जें सांगावें तें गणित करणारें यंत्र त्यांस हवें होतें. त्याचे त्यांनीं दोन मुख्य भाग पाडले. संख्या सांठविण्याच्या भागास त्यांनीं कोठार म्हटलें, आणि संख्यांवर क्रिया करण्याच्या भागास गिरणी म्हटलें. कोठारांतून दाणा काढावा, गिरणींत दळावा व पीठ पुनः कोठारांत ठेवावें, असा हा व्यवहार. कोणती क्रिया कोणत्या क्रमानें करावयाची हें यंत्राला भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनीं सांगावयाचें. ही युक्ति त्यांनीं जाकार ह्या फ्रेंच गृहस्थाच्या रेशीम विणण्याच्या मागावरून घेतली. आजच्या संगणकांत स्मृति, क्रियास्थान व आज्ञावलि हे जे भाग असतात ते सर्व येथें आहेत. फक्त विजेच्या जागीं दांत्यांचीं चाकें आहेत.

ह्या यंत्रांतील एका लहानशा योजनेकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. गणित करतां करतां यंत्रास एखाद्या संख्येचें लॉगरिथम लागलें तर त्यानें घंटा वाजवून थांबावें व कोणती संख्या हवी तें खिडकींत दाखवावें. मग सेवकानें त्या संख्येचा कोष्टकपत्ता आणून द्यावा, अशी तजवीज होती. पण सेवकानें चुकीचा पत्ता दिला तर? बॅबेज ह्यांनीं त्याचाहि विचार केला होता. प्रत्येक पत्त्यावर लॉगरिथमबरोबर मूळ संख्याहि कोरलेली असे. यंत्रानें आपल्याजवळच्या संख्येंतून ती वजा करून पाहावी. बाकी शून्य आली तर पत्ता खरा, नाहीं तर अधिक मोठी घंटा वाजवून थांबावें व कोष्टकाचा आंकडा चुकीचा असल्याची पाटी दाखवावी. आपल्यास पुरविलेल्या कोष्टकावर आंधळा विश्वास न ठेवतां आधीं त्याचा ताळा पाहावयाचा, आणि ताळा जमला नाहीं तर तें स्पष्ट सांगावयाचें, हें शहाणपण त्यांनीं निर्जीव यंत्रास शिकविलें.

सन १८४० मध्यें इटलींतील ट्यूरिन शहरीं बॅबेज ह्यांनीं ह्या यंत्राची माहिती विद्वानांस दिली. मेनाब्रिया ह्या गृहस्थानें त्यावर फ्रेंच भाषेंत लेख लिहिला, व कवि बायरन ह्यांची कन्या लेडी एडा लव्हलेस ह्या बाईंनीं सन १८४३ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर करून त्यास मूळ लेखाहून मोठ्या टीपा जोडल्या. शेवटच्या टीपेंत बर्नुली ह्यांच्या संख्या यंत्राकडून कशा काढवाव्या ह्याचें पायरीपायरीचें कोष्टक आहे. ह्या छापील कोष्टकांतहि चौथ्या पायरीस भागाकारांतील दोन पदांची अदलाबदल झालेली आहे! चुकांचा नायनाट करणाऱ्या यंत्राच्या वर्णनांतहि चूक शिरलीच. मनुष्य कितीहि बुद्धिमान असला तरी पडताळ्यावांचून त्याची सुटका नाहीं, हेंच ह्यावरून दिसतें.

यंत्रावरून बॅबेज ह्यांचें मन यंत्र करणाराकडे वळे. सन १८३७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, आपलें यंत्र पुष्कळ वेळ एका नियमानें आंकडे दाखवून नंतर एकाएकीं दुसऱ्या नियमानें दाखवूं शकतें, आणि पाहणारास तो चमत्कार वाटला तरी यंत्र जुळविणारानें तो बदल आरंभींच योजून ठेवलेला असतो. त्याप्रमाणें सृष्टींतील चमत्कार हे नियमाचा भंग नसून, निर्मात्यानें आरंभींच योजिलेल्या अधिक व्यापक नियमाचे भाग असूं शकतील.

इकडे सरकारचा धीर सुटत चालला होता. सन १८४२ मध्यें राजज्योतिषी एअरी ह्यांचा अभिप्राय प्रतिकूल पडला, व सरकारनें पहिल्या यंत्राचा नाद कायमचा सोडला. त्यावर बॅबेज मुख्य प्रधान पील ह्यांस जाऊन भेटले. पण आपल्यावर झालेल्या अन्यायांचा पाढा वाचण्यांतच भेटीचा वेळ गेला, आणि हातीं कांहीं लागलें नाहीं. येथें त्यांच्या स्वभावांतील उणेपणा सांगितला पाहिजे. बुद्धि अलौकिक, पण वाणीस लगाम नव्हता. ज्यांची मदत हवी त्यांनाच ते दुखवीत. शिवाय एक आराखडा पुरा होण्यापूर्वींच त्याहून चांगला दुसरा सुचे व हातचें काम मागें पडे. म्हातारपणीं रस्त्यावर वाजंत्री वाजविणारांशीं त्यांनीं असें हाडवैर धरलें कीं, शेजारचे लोक मुद्दाम त्यांच्या दारापुढें गोंगाट करवीत. परंतु त्यांचें मन क्षुद्र नव्हतें. स्वीडन देशांतील शॉइट्स पितापुत्रांनीं त्यांच्याच कल्पनेवरून लहान यंत्र पुरें केलें तेव्हां त्यांनीं मत्सर न करतां त्यांचा मनःपूर्वक गौरव केला.

सन १८४७ ते १८४९ ह्या काळांत त्यांनीं अंतरयंत्राचा दुसरा, अधिक सुटसुटीत आराखडा काढला. तो घडविण्यास कोणी पुढें आलें नाहीं. ता. १८ ऑक्टोबर १८७१ रोजीं लंडन येथें राहत्या घरीं, वयाच्या ७९ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला. घरांत ढीगभर आराखडे व अर्धवट जुळलेलीं चाकें होतीं. पुरें झालेलें यंत्र एकहि नव्हतें.

त्यांचे चिरंजीव हेन्री ह्यांनीं तरुणपणीं हिंदुस्थानांत कंपनीच्या बंगाल लष्करांत नोकरी केली होती. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं वडिलांचें काम जपलें, सन १८८९ मध्यें त्यांच्या यंत्रांविषयींचे लेख एकत्र छापले, व यंत्राचे कांहीं नमुने जुळवून ठेवले. त्यांतील एक अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत होता; तो हॉवर्ड एकेन ह्यांनीं पाहिला, आणि ह्याच एकेन ह्यांचें मोठें गणकयंत्र सन १९४४ मध्यें तेथें सुरू झालें. शेवटीं सन १९९१ मध्यें, बॅबेज ह्यांच्या जन्मास दोनशें वर्षें होत असतां, लंडनच्या विज्ञानसंग्रहालयानें त्यांच्या दुसऱ्या आराखड्यावरून यंत्राचा गणना करणारा भाग घडविला. आराखड्यांत किरकोळ दुरुस्त्या कराव्या लागल्या; परंतु यंत्र चाललें, आणि ३१ आंकड्यांपर्यंत बिनचूक उत्तरें देऊं लागलें.

विद्यार्थिमित्रहो, बॅबेज ह्यांची ती मोठी घंटा आजहि तुमच्या घरांत वाजते. संगणकाची कळ दाबल्याबरोबर पडद्यावर कधीं कधीं इंग्रजी अक्षरांच्या चार-दोन ओळी झरझर सरकतात, आणि त्यांत चुकीची वार्ता असते. कांहीं यंत्रांवर तर निळा पडदा येऊन काम थांबतें. मुलें घाबरतात, व पालक यंत्र बिघडलें असें समजून दुकानाचा रस्ता धरतात. ह्या ओळींचा अर्थ काय तो थोडक्यांत सांगतों.

संगणकाच्या मुख्य पाटीवर एका चकतींत कारखानदारानें भरून ठेवलेली एक आज्ञावलि असते. तिला फर्मवेअर म्हणतात. यंत्र सुरू होतांच ती प्रथम जागी होते, स्मृति व इतर भाग तपासते, आणि यंत्राचें वर्णन करणारीं कोष्टकें स्मृतींत मांडून ठेवते. पंखा कोठें आहे, बॅटरी कशी विचारावी, यंत्र निजवावें कसें व उठवावें कसें, हें सर्व त्या कोष्टकांत असतें. त्यांची रीत इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्या कंपन्यांनीं सन १९९६ मध्यें ठरवून दिली, व तिला ए.सी.पी.आय. हें नांव पडलें. मागाहून विंडोज किंवा लिनक्स ही मुख्य प्रणाली येते ती हीं कोष्टकें वाचते. प्रत्येक कोष्टकाच्या माथ्यावर चार अक्षरांचें नांव, लांबी व एक ताळ्याचा आंकडा असतो. कोष्टकांतील सर्व आंकड्यांची बेरीज २५६ च्या पटींत आली पाहिजे, असा तो ताळा. समजा, आंकडे २००, १०० व १५० आहेत. त्यांची बेरीज ४५०. ती ५१२ करण्यास ६२ हवेत, म्हणून ताळा ६२ लिहावयाचा. वाचतांना बेरीज जमली नाहीं तर प्रणाली तें बोलून दाखविते. ही बॅबेज ह्यांच्या पत्त्याचीच परीक्षा होय.

अशी वार्ता दिसली म्हणजे प्रथम ती जशीच्या तशी टिपून घ्यावी, व त्यांतहि सर्वांत पहिली ओळ पाहावी. कारण पुढच्या ओळी पुष्कळदां पहिलीपासूनच उपजतात. मग ती काय म्हणते तें वाचावें. ताळा जमत नाहीं असें म्हणते, कीं कोष्टकांत उल्लेख केलेलें एखादें नांव कोठेंच सांपडत नाहीं असें म्हणते? दुसऱ्या जातीची वार्ता फार आढळते. कारखानदार एकच कोष्टक अनेक नमुन्यांच्या यंत्रांसाठीं वापरतो, व जो भाग ह्या यंत्रांत नाहीं त्याचें नांव तसेंच राहून जातें. नंतर पाहावें कीं, प्रत्यक्ष काय चालत नाहीं? बॅटरी, पंखा, यंत्राची झोंप व जाग हीं सर्व ठीक असतील आणि वार्ता पहिल्या दिवसापासून दिसत असेल, तर भिण्याचें कारण सहसा नसतें.

वार्ता नव्यानेंच दिसूं लागली असेल तर त्यापूर्वीं काय बदललें हें आठवावें. फर्मवेअर किंवा प्रणाली नवी घातली काय? स्मृतीची पट्टी बदलली काय? फर्मवेअरच्या मांडणींत कोणी हात घातला काय? एका वेळीं एकच गोष्ट पूर्ववत् करून पाहावी, नाहीं तर खरें कारण कळत नाहीं. मग फ्लाकच्या चुकांचा न्याय लावावा. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या यंत्रावर तीच ओळ येत असेल, तर चूक मूळ कोष्टकांतली, म्हणजे कारखान्यांतली समजावी. एकट्या आपल्याच यंत्रावर येत असेल, तर आपली स्मृति, आपली मांडणी किंवा बिघडलेलें फर्मवेअर ह्यांचा संशय घ्यावा. चूक मूळची असल्यास नेमक्या त्याच नमुन्यासाठीं कारखानदारानें काढलेलें सुधारलेलें फर्मवेअर घालावें, व तें घालतांना वीज जाणार नाहीं अशी खबरदारी घ्यावी. एक गोष्ट पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. हीं कोष्टकें तबकडीवर नसतात. म्हणून तबकडी पुसून प्रणाली पुनः घातल्यानें त्यांतील चूक जात नाहीं, मुलांचें लिहिलेलें मात्र जातें.

चूक सांगणारी घंटा ऐकून आपण रागावतों, हा मनुष्यस्वभाव आहे. वहीवर तांबडी खूण दिसली कीं मुलाचें तोंड उतरतें, आणि कधीं कधीं पालकहि मुलावर रागावतात. परंतु तांबडी खूण ही पराभवाची खूण नव्हे. चूक कोठें आहे तें दाखविणारें तें बोट आहे. बॅबेज ह्यांचें सारें आयुष्य एकाच हेतूसाठीं वेंचलें गेलें, तो हा कीं, चूक लपून राहूं नये. त्यांच्या स्वभावाच्या चुका त्यांस वेळींच कोणी दाखविल्या नाहींत, किंवा दाखविल्या तरी त्यांनीं ऐकल्या नाहींत. त्या घंटेकडे त्यांनीं लक्ष दिलें असतें तर त्यांचें यंत्र कदाचित् त्यांच्याच डोळ्यांपुढें फिरलें असतें. त्यांचे गुण आपण उचलावे: पहांटे उठून केलेला अभ्यास, लहानशा आंकड्याविषयींहि बाळगलेली सत्यनिष्ठा, आणि फळ दिसत नसतांहि न सोडलेला उद्योग. आणि त्यांच्या उणिवेपासून एवढेंच शिकावें कीं, गणिताच्या वहीप्रमाणें आपल्या बोलण्याचालण्याचाहि ताळा रोज पाहावा, व तो जमला नाहीं तर कबूल करून दुरुस्त करावा.